चंद्रभानजींचा डावा गाल

माणसाला दोन गाल असतात ही गोष्ट अमरावतीच्या राजापेठेत पूर्वीपासून माहीत होती. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. दाढी करताना न्हावी एक गाल झाला की दुसऱ्याकडे वळतो, एवढाच काय तो दोघांतला फरक. पण त्यातला फक्त डावा गाल बघायला अकोल्याहून माणसं रेल्वेचं तिकीट काढून येतील, आणि देवळातून निघावं तशी पाठ न दाखवता बाहेर पडतील, असं जर कुणी सांगितलं असतं, तर राजापेठेनं त्याला वेड्यात काढलं असतं. तो गाल चंद्रभानजींचा होता.

चंद्रभानजी कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. वऱ्हाड नव्या महाराष्ट्रात जाऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली होती. चेहरा असा की साहेबांनी वर्षानुवर्षं त्यांच्या हातून कागद घेतले, पण बाजारात भेटले तर ओळखलं नसतं. अशा माणसाच्या वाट्याला हे वैभव आलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीमुळे, मैनामुळे.

मैना गल्लीच्या टोकावरच्या शाळेत मास्तरीण होती. आईवडील मागे राहिले नव्हते, तेव्हा तिचं लग्न ही भाऊ-भावजयीचीच जबाबदारी. मुलगी हुशार, कामाला वाघ, बोलायला नीट. रंग मात्र काळ्या मातीचा. तिला बघायला लोक येत, चहा-चिवडा घेत, प्रश्न विचारत आणि गावी जाऊन निरोप पाठवत की पत्रिका जुळत नाही. ज्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती त्यांचीही पत्रिका जुळली नाही, तेव्हा चंद्रभानजींच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, हा प्रश्न ग्रहांच्या हातून काढून स्वतःच्या हाती घेतला. एके दिवशी त्या जयस्तंभाकडच्या दुकानातून एक पिशवी भरून घेऊन आल्या. पिशवीत सुवासिक तेलाची बाटली, पावडरीचा डबा, ओल्या कुंकवाची चिमुकली कुपी आणि सगळ्यांच्या खाली कागदात गुंडाळलेली, पांढऱ्या काचेची, 'हिमगौरी स्नो' असं निळ्या अक्षरांत लिहिलेली बरणी होती.

"हे काय होय?" चंद्रभानजींनी विचारलं.

"मैनाबाईसाठी आनलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "आजकाल साऱ्याच लावतात."

आता इथे शेजारच्या बेबीताईंची हकीकत सांगायला हवी. बेबीताई म्हणजे जानरावांची बायको. त्यांनी आदल्या वर्षी यात्रेतल्या एका बाबाकडून गोरं होण्याचा लेप घेतला होता. लेप लावून त्या दुपारी झोपल्या आणि उठल्या तेव्हा तोंड इतकं सुजलं होतं की त्यांची सख्खी आई दारात येऊन 'बेबी घरी हाये काय?' असं त्यांनाच विचारून गेली. तो प्रसंग चंद्रभानजींनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे त्यांनी पिशवी ताब्यात घेतली आणि कचेरीत वापरायच्या आवाजात जाहीर केलं, "पोरीच्या तोंडाले कोनतीबी वस्तू तपासल्याबिगर लागनार नाही. आधी तपासनी, मंग मंजुरी."

"अन् तपासनी करन कोन?"

"मी करीन," चंद्रभानजी म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना त्याचं गांभीर्य कळलं, पण सरकारी माणसाला दिलेला शेरा खोडता येत नाही.

पहिला नंबर तेलाचा लागला. चंद्रभानजींनी ते सकाळी डोक्याला चोपडलं आणि कचेरीत गेले. थोड्याच वेळात त्यांच्या टेबलाभोवती केवड्याचा असा घमघमाट सुटला की साहेबांनी आतून पट्टेवाल्याला पाठवून कुणाचं लग्न आहे का याची चौकशी केली. रात्री उशीचा अभ्रा हिरवा झाला. दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी निकाल सांगितला, "थंडावा हाये. केसबी बसतात. पन उशी हिरवी होते. ज्याच्या घरी उशा पयलेच हिरव्या असतीन, त्यानं खुशाल वापरावं."

पावडरीचा निकाल कडक लागला. वऱ्हाडच्या उन्हात मानेवरची पावडर घामात मिसळते, तिची कणीक मळली जाते आणि सांजेपर्यंत त्या कणकेला भेगा पडतात, असं त्यांनी स्वतःची मान दाखवून सिद्ध केलं. ओल्या कुंकवाबद्दल मात्र ते भारावून गेले. आजवर घरात बायका कपाळाला आधी मेण लावत, मग त्यावर कुंकू बसवत, आणि दुपारच्या घामात ते नाकावर उतरत असे. या कुपीतल्या काडीनं चंद्रभानजींनी मनगटावर एक ठिपका काढला. तो साबणानं गेला नाही, चिंचेनं गेला नाही, रॉकेलनं घासला तर उलट जास्त लाल दिसू लागला. "पक्का माल होय," ते म्हणाले. "हे कुंकू अन् सरकारी नोकरी, एकदा लागलं की सुटत नाही."

हे निकाल ऐकायला माणसं जमू लागली. पुरुष वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं ओट्यावर येत आणि पेपर उलटा धरून ऐकत. बायका दाराआड उभ्या राहत. जे प्रश्न त्या जन्मात कुणा परपुरुषाला विचारू शकल्या नसत्या, ते सुभद्राबाईंमार्फत आत-बाहेर करत. काजळ डोळ्यात झोंबलं तर काय, टिकलीनं कपाळावर डाग पडतो तो का? चंद्रभानजी डोळे मिटून ऐकत, थोडं थांबत आणि उत्तर देत. त्यांचं म्हणणं कुणी इतक्या शांतपणे ऐकून घ्यावं हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. कचेरीत तर त्यांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच फाईल ओढून घेत.

मग त्यांनी बरणी उघडली.

आत पांढराशुभ्र, गार, मऊ असा काही पदार्थ होता आणि त्यावर कुणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. राजापेठेत बर्फ पडलेला कुणी पाहिला नव्हता. चिखलदऱ्याला एका हिवाळ्यात गवतावर दहिवर गोठलं होतं म्हणतात, तेही ऐकीव. जानरावांनी नाक पुढे नेऊन वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. जानराव बडनेऱ्याला रेल्वेच्या मालकचेरीत कारकून होते आणि गप्प बसण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती.

"हे साऱ्या तोंडाले लावलं तर फरक कसा समजन?" अखेर जानरावच म्हणाले. "पयले कसं होतं हे कोनाच्या ध्यानात राहते?"

प्रश्न बिनतोड होता. चंद्रभानजी विचारात पडले आणि त्यांना ती कल्पना सुचली, जिनं पुढचं सगळं घडवलं. नाकाच्या शेंड्यावरून एक सरळ रेघ मनातल्या मनात काढायची. डावा गाल स्नोचा. उजवा गाल देवाचा.

संक्रांत होऊन गेली होती. दुसऱ्या सकाळपासून आंघोळ झाली की सुभद्राबाई नवऱ्याला समोर बसवत आणि एका बोटानं डाव्या गालाला स्नो लावत. हद्द ओलांडू नये म्हणून चंद्रभानजी नाकावर पट्टी धरत. मग सायकल काढून कॅम्पात जात, संध्याकाळी परत येत. होळी आली, गेली. उन्हं तापायला लागली. आणि एके रविवारी, ते भर उजेडात जेवायला बसले असताना, वरण वाढता वाढता सुभद्राबाईंचा हात थांबला. वरण ताटाबाहेर गेलं.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "जरा इकडं पाहा. आता तिकडं पाहा."

डावा गाल उजळला होता. उजळला म्हणजे उगाच मन मानतं म्हणून नव्हे. उजवा गाल भाजलेल्या वांग्यासारखा, आणि डावा बघावा तर गव्हाच्या नव्या पिठासारखा. मधे नाकावर दोन्ही मुलखांची सीमा. मैनाला हाक मारली, तिनं पाहिलं. बेबीताईंना बोलावलं, त्यांनी पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून हात जोडले. नमस्कार नेमका कुणाला केला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चंद्रभानजींनी आरशात बघितलं. आपल्या तोंडावर, इतक्या साध्या, कुणाच्या लक्षात न राहणाऱ्या तोंडावर असं काही होऊ शकतं, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं. त्या दिवशी ते डाव्या कुशीवर झोपले नाहीत.

गाव लोटलं. प्रत्येक जण आधी उजवा गाल बघे, मान हलवी, मग डाव्याकडे येऊन थक्क होई. सल्ले तर विचारू नका. कुणी म्हणालं, डाव्या अंगाला काळीज असतं, गुण तिथेच येणार. कुणी म्हणालं, उजव्यालाही लावा, नाहीतर उद्या दोन गालांत वाटणीचा दावा लागेल. एका म्हातारीनं सांगितलं की गाल झाकून ठेवा, दृष्ट लागेल, आणि सुभद्राबाईंनी खरोखरच त्यावर काजळाची तीट लावली. ती डाव्या गालावर फार उठून दिसे, म्हणून लोक आणखीनच बघत.

बातमी ऐकून 'हिमगौरी'चा एजंट अकोल्याहून आला. आला तो बडबडत आला, पण गाल बघून त्याची वाचा बसली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"म्या हा माल साऱ्या वऱ्हाडात इकला, भाऊ," तो म्हणाला. "पन खरं सांगू काय? मले सोताले याचा भरोसा नव्हता."

तो त्यांना फोटो काढायला घेऊन गेला. पण अमरावतीचा फोटोग्राफर आपल्या धंद्याशी इमान राखणारा. गिऱ्हाइकाचा काळा गाल तसाच ठेवणं त्याला पटेना, म्हणून त्यानं पेन्सिल घेऊन निगेटिव्हच्या काचेवर काम केलं, आणि फोटोत चंद्रभानजींचे दोन्ही गाल सारखेच गोरे आले. फोटो इतका सुंदर होता की सुभद्राबाईंनी तो देवघराशेजारी लावला, पण एजंटाच्या काही कामाचा नव्हता. शेवटी तो अकोल्याला परत गेला आणि दुकानोदुकानी सांगत सुटला की खोटं वाटत असेल तर राजापेठेत जा आणि डोळ्यांनी बघा. लोक तसे येऊही लागले.

ही गर्दी कचेरीच्या कानावर जायची ती गेलीच. चंद्रभानजींच्या टेबलावर एक कागद आला. आपण खाजगी मालाच्या प्रसिद्धीसाठी आपला गाल वापरू देत आहात असे समजते, तरी सरकारी नोकरास हे शोभते काय, याचा खुलासा करावा. चंद्रभानजींना अन्नपाणी गोड लागेना. त्यांनी चार वेळा खाडाखोड करून उत्तर दिलं की सदर गाल कचेरीच्या वेळात कचेरीच्याच कामी असतो व त्यापासून आजवर कोणतेही उत्पन्न झालेले नाही. त्यावर साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, खिडकीशी उभं केलं आणि एक बोट गालावर टेकवून बघितलं. मग खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात, बरणी नेमकी कोणत्या दुकानात मिळते ते विचारलं. खुलासा मंजूर झाला.

आणि याच गालाच्या पुण्याईनं मैनाचं ते स्थळ आलं.

अकोल्याचे भगवंतराव म्हणून एक सद्गृहस्थ. त्यांचा मुलगा गोवर्धन रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसिअर होता. एजंटानं भगवंतरावांना पटवलं होतं की मुलगी आज सावळी आहे, पण जिथे भावाचा गाल असा झाला तिथे बहिणीला किती दिवस लागणार? भगवंतराव यायला तयार झाले. मैनाला मात्र दुसरंच काही भावलं होतं. मुलानं निरोपात विचारलं होतं की लग्नानंतर अकोल्यात शाळेची नोकरी करायला आवडेल का. आजवर कुणी तिला काय आवडेल हे विचारलं नव्हतं. बघायला येणाऱ्यांबद्दल ती एरवी तोंडातून अक्षर काढत नसे. या वेळी ती स्वतः होऊन म्हणाली, "येऊ दे त्याईले." आणि असं म्हणून लाल झाली. त्या एका वाक्यासाठी चंद्रभानजी दोन्ही गाल द्यायला तयार होते.

सुभद्राबाईंनी आता मैनाच्या सबंध तोंडाला स्नो लावायला घेतला. फरक दिसेना. पण तो दिसणार कसा? ताडून बघायला गालच शिल्लक ठेवला नव्हता. असं चंद्रभानजींनी समजावलं आणि सगळ्यांना ते पटलं.

पाहुणे रविवारी यायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी चंद्रभानजी कचेरीतून परतले, फाटकाशी सायकलवरून उतरले, आणि समोरून जानराव बडनेऱ्याहून येऊन त्यांच्यापुढे उभे ठाकले. आठवडाभर जानराव दिसले नव्हते. त्यांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं. ते त्यांनी सोडलं.

"पाहा," जानराव म्हणाले. "पाहा माह्या तोंडाकडं. तुमच्या नादी लागून म्याबी डाव्या गालाले स्नो लावला. कोनाले न सांगता लावला. रोज. अन् झालं काय? डावा कोळसा झाला अन् ज्याले कधी हात नाही लावला तो उजवा उजळला."

ते खरं होतं. चंद्रभानजींचा गोरा तो गाल जानरावांचा काळा, आणि जानरावांचा गोरा तो चंद्रभानजींचा काळा. दोघे समोरासमोर उभे होते आणि दोघांचीही तोंडं उघडी होती. बेबीताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, यानं बरणी उलट्या फिरकीनं उघडली असेल. सुभद्राबाईंना वाटलं, माणसाच्या मनात किंतू असला की औषध उलटतं. जानरावांनी आपल्या मनात किंतू नव्हता अशी शपथ घेतली आणि भांडण पेटलं.

मैना ओट्यावर पोरांच्या वह्या तपासत बसली होती. तिनं मान वर केली आणि तशीच ठेवली. रस्ता दक्षिण-उत्तर. चैत्रातलं ऊन समोरच्या घरांमधून आडवं येत होतं आणि दोघांच्या काळ्या गालांवर, एकाच्या उजव्या आणि एकाच्या डाव्या, अगदी मोजून मापून पडलं होतं.

"हलू नका," ती म्हणाली. "दोघंबी हलू नका. दादा, तू आता कोठून आला?"

"कॅम्पातून. दुसरं कोठून येनार?"

"म्हंजे उत्तरेकडून. ऊन कोनत्या गालावर हाये?"

चंद्रभानजींनी गालाला हात लावला. उजवा गाल तापला होता.

"सकाळी जातानी तोंड उत्तरेले. ऊन उगवतीचं. तवा कोनत्या गालावर?"

चंद्रभानजींनी डोळे मिटले, मनात सायकल चालवली, आणि त्यांचा उजवा हात आपसूक पुन्हा उजव्या गालावर गेला.

"अन् जानरावभाऊ सकाळी दक्षिनेले जातात, बडनेऱ्याले," मैना म्हणाली. "त्याईच्या दोन्ही खेपा डाव्या गालावर."

मग जानरावांनी खिन्नपणे उपरणं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

"पन मंग माहा गाल असा केव्हापासून होय?" चंद्रभानजींनी विचारलं.

"कोनाले ठाव," मैना म्हणाली. "नोकरी लागल्यापासून असन. कोनी पाह्यलंच नाही."

चंद्रभानजींनी बायकोकडे बघितलं. सुभद्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सकाळपासून चुलीपाशी असतो मी," त्या म्हणाल्या. "तुमचे दोन गाल कोन जोडून पाहान?"

त्याही स्थितीत चंद्रभानजींना वाईट वाटायचं ते वाटलंच. चमत्कार गेला हे तर झालंच. पण इतकी वर्षं आपण दुरंगी तोंड घेऊन गावातून फिरलो, आणि बायको धरून एकाही माणसाला ते दिसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. मैनाच्या डोक्याचं मात्र त्यांना फार कौतुक वाटलं. दीडशे माणसांनी गाल बघितला, त्यात साहेब होते, एजंट होता, पण वर ऊनसुद्धा होतं याची आठवण या एका पोरीला झाली.

घरात आल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "इतवारी याच्यातलं काही बोलू नका. एक दिवस गाल चूप ठेवा. लग्न झाल्यावर कोन इचारते?"

चंद्रभानजींनी मैनाकडे बघितलं. ती लाल पेन्सिलीला टोक करत होती. "तुले जे वाटन ते कर, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

रविवारी पाहुणे आले. भगवंतराव, त्यांची बहीण पार्वताबाई आणि गोवर्धन. गोवर्धन उंच, शांत, आणि रंगानं असा की डांबराच्या कामावर उभा केला तर शोधावा लागेल. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि हातातल्या चहाच्या कपाकडे बघू लागला. सूत्रं पार्वताबाईंच्या हाती होती. त्यांनी मैनाला नाव विचारलं, पुरणाला किती गूळ लागतो ते विचारलं, सुईत दोरा ओवायला लावला.

"आता जराशी चालून दाखव, बाई," त्या म्हणाल्या.

मैना दारापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"आता पाठमोरी हो. येनी पाहू दे." मैना वळली. पार्वताबाईंनी वेणी हातात घेऊन खरी आहे की नाही हे बघायला दोनदा ओढली, मानेवरचा पदर बोटानं बाजूला करून तिथला रंगही बघून घेतला. मैना भिंतीकडे तोंड करून उभी होती. चंद्रभानजी तिच्या पाठीकडे बघत राहिले. अशी ती या खोलीत किती वेळा उभी राहिली होती, आणि दर वेळी ते पाहुण्यांना चिवडा घ्या म्हणत राहिले होते.

भगवंतराव खाकरले. "पोरगी कामाची हाये," ते म्हणाले. "रंगाचं मी मनावर घेत नाही, काहून की इलाज तुमच्या घरीच हाये म्हनतात. दिवाळीपर्यंत फरक पडन असा शब्द द्या, मंग सुपारी फोडू." आणि पुढे वाकून, भारावल्या आवाजात म्हणाले, "हाच काय तो गाल?"

सुभद्राबाईंनी डोळ्यांनी विनवलं. फक्त 'हाव' म्हणायचं होतं. चंद्रभानजींनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर मैना अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती, वळ असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मैना, बस," ते म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "हा स्नो काही कामाचा नाही, भगवंतरावजी. हे सारं उन्हाचं काम होय." आणि त्यांनी कॅम्प, बडनेरा, उगवती, मावळती, जानराव असं सगळं सांगून टाकलं. कचेरीच्या खुलाशाला लागली होती तशी खाडाखोड या वेळी लागली नाही. "दिवाळीपर्यंत काहीच फरक पडनार नाही. पुढच्या दिवाळीपर्यंतबी नाही. माही बहीन हाये अशी हाये, अन् हे ऊन कोनत्या बाजूनं पडते ते साऱ्या अमरावतीत तिले एकलीले समजलं."

भगवंतरावांनी गालाकडे अखेरचं बघून घेतलं आणि बाजूला ठेवलेली टोपी उचलली. पार्वताबाईंनी पिशवी जवळ ओढली. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

"एक मिनिट," कोपऱ्यातून आवाज आला. गोवर्धनला आवाज आहे हे तेव्हाच कळलं. त्यानं कप खाली ठेवला आणि सरळ मैनाला विचारलं, "माहं काम अकोल्याच्या पुढं मूर्तिजापूरच्या सडकेवर चालू हाये. रोज सकाळी फटफटीनं तिकडं जातो, सांजच्याले वापस येतो. सांगा."

मैनानं क्षणभर छताकडे बघितलं. "मूर्तिजापूर अकोल्याच्या उगवतीले," ती म्हणाली. "जातानी ऊन समोरून. येतानी तुमी मावळतीकडं येता, तवाबी समोरूनच." मग तिनं त्याच्याकडे, सबंध काळ्या तोंडाकडे, नीट बघितलं. "म्हंजे मागून गोरे असान."

बघायला आणलेल्या मुलीनं असं काही बोलल्याचं पार्वताबाईंच्या आठवणीत नव्हतं.

गोवर्धन उठला. खुर्ची मागे सारून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मघाशी मैना उभी होती तिथेच. त्यानं शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी खाली ओढली आणि मान वाकवली. मानेवर, केसांच्या खाली, रुंद गव्हाळ पट्टा होता. चंद्रभानजींनी इतके दिवस स्वतःच्या गालाचं कौतुक करून घेतलं होतं, पण असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भगवंतरावांच्या हातातली टोपी तशीच राहिली.

मैना दोन पावलं पुढे गेली. तिनं काळजीपूर्वक, वही तपासावी तसं बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "आता जरासं चालून दाखवा."

आणि अकोल्याचा ओव्हरसिअर, कॉलर तशीच खाली धरून, दारापर्यंत चालत गेला आणि परत आला.